मापात पाप : मंदावणारे इंटरनेट आणि जागा ग्राहक

(ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



चिखलीतील एखाद्या शिक्षकाचे घर क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. रात्रीचे नऊ वाजले आहेत. धाकटी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि पुण्यातील अध्यापकांचा वर्ग तिला याच वेळी संगणकावर गाठायचा असतो. थोरला मुलगा अभियंता. आईवडिलांजवळ राहता यावे म्हणून त्याने घरून काम करण्याची परवानगी मिळविली आहे, आणि परदेशातील सहकाऱ्यांशी त्याची बैठकही याच सुमारास असते. गृहस्थाने शंभर एमबीपीएस वेगाची जोडणी घेतली आणि सवलत मिळते म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ भरले. दुपारी सारे सुरळीत चालते. रात्री मात्र अध्यापकांचे चित्र गोठते, शब्द तुटक येतात आणि थोरल्याची बैठक अर्ध्यावर सुटते. तक्रार केंद्राला दूरध्वनी करावा तर ठरलेले उत्तर मिळते : राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस येतो, वेग मोजून दाखवितो, तो पुरेसा भरतो, आणि तक्रार ‘निवारण झाली’ अशी नोंद होते. रात्री नऊला पुन्हा तेच.

असे घर चिखलीत आहे तसेच मेहकरला आहे, मलकापूरला आहे, जळगाव जामोदला आहे. वरवर पाहता हा सुखवस्तू घरांतील किरकोळ त्रास वाटतो. चित्रपट अडखळला तर काय बिघडले, असे म्हणणारेही भेटतात. परंतु आज पीकविम्याचा अर्ज, महाविद्यालयातील प्रवेश, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, बँकेचा व्यवहार हे सारे याच तारेवरून जाते. टाळेबंदीच्या काळात, २०२० च्या मार्चनंतर, शाळा घरात आली तेव्हा ज्या घरात वेग होता त्या घरातील मूल शिकले आणि ज्या घरात नव्हता त्या घरातील मूल मागे पडले. तेव्हापासून इंटरनेटचा वेग ही चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

तरीही या प्रश्नाकडे तंत्रज्ञानाचा प्रश्न म्हणून पाहिले तर सामान्य गृहस्थ दबून जातो. समोरचा चार अवघड शब्द बोलतो आणि हा गप्प बसतो. खरे तर हा प्रश्न फार जुना आहे. तो मापाचा प्रश्न आहे.

तराजूची परंपरा

खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. चांदीसाठीही तिचे नाव दूरवर आहे. कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला काट्याचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. काटा झुकता असेल तर वर्षभराचे कष्ट वाया जातात हे तो जाणतो. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच रुजलेला नाही. कमी तोलणे याला आपल्या समाजाने केवळ लबाडी म्हटले नाही, तर पाप म्हटले.

ही जाणीव राज्यव्यवस्थेतही होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात वजनमापांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पौतवाध्यक्ष’ या अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. व्यापाऱ्यांच्या वजनमापांची दर चार महिन्यांनी तपासणी व्हावी आणि न तपासलेले माप वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पण दंड व्हावा, असे तेथे सांगितले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दंडासाठी फसवणूक सिद्ध होण्याची वाट पाहिलेली नाही. माप तपासून घेतले नाही, एवढाच अपराध पुरेसा मानला आहे. प्रामाणिकपणाचा पुरावा देण्याचे दायित्व विकणाऱ्यावर आहे, शंका घेण्याचे ओझे घेणाऱ्यावर नाही.

आजचा वैधमापन कायदा २००९ चा आहे. बंद पाकिटातील वस्तूंच्या नियमांनुसार वजनाचा उल्लेख करताना ग्राहकाची दिशाभूल होईल वा प्रमाणाविषयी अतिशयोक्त कल्पना होईल असे शब्द वापरता येत नाहीत. म्हणूनच साखरेच्या पाकिटावर ‘एक किलोपर्यंत’ असे छापलेले दिसत नाही. पेट्रोल पंपावर ‘पाच लिटरपर्यंत’ पेट्रोल मिळत नाही. मात्र इंटरनेटच्या जाहिरातीत ‘शंभर एमबीपीएसपर्यंत’ असे निःशंकपणे छापले जाते. ‘पर्यंत’ हा शब्द लहान अक्षरांत आणि शंभरचा आकडा मोठ्या अक्षरांत! पैसे मात्र ‘नऊशे रुपयांपर्यंत’ भरून चालत नाहीत. ते पूर्णच भरावे लागतात.

वेग म्हणजे काय

हे माप समजून घेणे कठीण नाही. शंभर एमबीपीएस याचा अर्थ सेकंदाला शंभर मेगाबिट. संगणकावर धारिका उतरवून घेताना जो आकडा दिसतो तो बहुधा मेगाबाइटमध्ये असतो आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे शंभरची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी तेथे साडेबाराच्या आसपासच आकडा दिसेल. हा फरक माहीत नसल्यामुळे काही ग्राहक अकारण भांडतात आणि त्यांची खरी तक्रारही हास्यास्पद ठरते. ज्याला माप कळते त्याच्याच तक्रारीला वजन येते.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. टेलिफोनच्या तारेवरून कर्कश आवाज करीत होणारी ती जोडणी अनेकांना आठवत असेल. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले. भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा २००५ च्या जानेवारीत सुरू झाली आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचू लागली. त्या काळी काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे, म्हणून घरोघरची मुले गजर लावून उठत आणि धारिका उतरवून घेत. ब्रॉडबँडची किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ च्या जानेवारीत ती २ एमबीपीएसवर आली. जाहिराती शंभर आणि तीनशेच्या गोष्टी करतात, पण शासकीय व्याख्येतील किमान पायरी दोनचीच आहे. ‘पर्यंत’ या शब्दाला जे मोकळे रान मिळते ते या दोहोंमधील अंतरात.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेने पाडले आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. मुंबई–नागपूर लोहमार्ग घाटाखालून गेला. जिल्ह्याचे ठिकाण असलेले बुलढाणा आणि घाटावरचे तालुके मात्र पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेवाचून राहिले. खामगाव–जालना मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची. एका मार्गाने वळसा घातला की प्रदेशाच्या नशिबाला किती वळसा पडतो, हे या जिल्ह्याने अनुभवले आहे. इंटरनेटची तार हा या शतकाचा लोहमार्ग आहे, आणि तिच्या बाबतीत पुन्हा तसे होऊ देता कामा नये.

ही तार गावात कशी येते? मोठ्या शहरांतून प्रकाशतंतूंची जाड वाहिनी रेल्वेमार्गाच्या वा महामार्गाच्या कडेने येते. रेल्वेमार्गालगत असे जाळे विणण्यासाठी २००० साली ‘रेलटेल’ ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. त्या मुख्य वाहिनीपासून तालुक्याच्या केंद्रापर्यंत एक फाटा, तेथून गल्लीतील खांबावरच्या डबीपर्यंत दुसरा आणि डबीपासून घरापर्यंत शेवटची बारीक तार. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. तो कितीही रुंद असला तरी त्यावरून उतरल्यावर गावचा रस्ता अरुंद असेल तर घरी पोहोचण्यास वेळ लागणारच. इंटरनेटचेही तसेच आहे.

मग वेग नेमका कोठे मरतो? कारणे पाच आहेत आणि ती वेगवेगळी ओळखली पाहिजेत.

पहिले कारण घरातच असते. राउटर एका कोपऱ्यात, मध्ये दगडी वा जाड विटांच्या भिंती, आणि मागच्या खोलीत बसून वायफायची अपेक्षा. येथे दोष पुरविणाऱ्याचा नाही. दुसरे कारण शेवटच्या तारेचे : जुनी तांब्याची जोडणी, पावसाने खराब झालेले सांधे, रस्त्याच्या कामात तुटून घाईने जोडलेली केबल. तिसरे कारण गर्दीचे, चौथे मर्यादेचे आणि पाचवे जाणूनबुजून केलेल्या भेदभावाचे. पहिली दोन घरात वा गल्लीत निस्तरता येतात. उरलेल्या तिन्हींत मात्र दुरुस्तीपेक्षा नीतीचा प्रश्न मोठा आहे.

गर्दीचे कारण समजण्यासाठी धरणाचा कालवा आठवावा. कालव्याच्या मुखाशी ज्याचे शेत आहे त्याला पाणी मुबलक मिळते, शेवटी असलेल्याच्या वाफ्यात मात्र चिखलसुद्धा होत नाही. आकडा धरणातील साठ्याचा सांगितला जातो, पण पीक वाढते ते शेतात पोहोचलेल्या पाण्यावर. इंटरनेट पुरविणारा एक वाहिनी घेतो आणि ती अनेक घरांत वाटतो. सारे एकाच वेळी वापरणार नाहीत हे त्यामागील गृहीत. यात मूलतः काही वावगे नाही. अशा वाटपाशिवाय घरगुती जोडणी परवडणारच नाही, आणि ट्रायने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ग्राहकांसाठी हे प्रमाण पन्नासास एक असे धरले होते. वावगे होते ते पुढे. तालुक्यात ग्राहक दुप्पट होतात आणि वाहिनी तेवढीच राहते. नवीन जोडणीचे पैसे घेतले जातात आणि जुन्या ग्राहकाच्या वाट्यातून ती पुरविली जाते. एका अर्थाने एकच शेर धान्य दोघांना विकले जाते. दुपारी आलेल्या माणसाला हे कधीच दिसणार नाही, कारण दुपारी कालव्यावर कोणी नसते.

यावर नियम नव्हता असे नाही. ट्रायच्या २००६ च्या सेवागुणवत्ता नियमावलीनुसार गर्दीच्या वेळीही वाहिनीचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा आणि तो ९० टक्क्यांपलीकडे गेला तर क्षमता वाढविलीच पाहिजे, असे बंधन होते. पुरविणाऱ्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा वेग कबूल केलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक असावा, असेही मानक होते. किती ग्राहकांना हे ठाऊक होते? आपला हक्क ठाऊक नसलेल्या ग्राहकासाठी नियम असून नसल्यासारखाच.

‘अमर्याद’ची मर्यादा

चौथे कारण मर्यादेचे. ‘अनलिमिटेड’ या शब्दाचा अर्थ अमर्याद. तरीही अमर्याद म्हणून विकलेल्या योजनेच्या तळटीपेत एक आकडा दडलेला असतो. तेवढा वापर झाला की वेग एकदम खाली आणला जातो. याला ‘उचित वापर धोरण’ असे भारदस्त नाव आहे. एका घराने सारी वाहिनी अडवू नये हा त्यामागील विचार योग्य म्हणता येईल. पण उचित काय हे एकट्या विक्रेत्याने ठरवायचे, ते बारीक अक्षरांत लिहायचे आणि ग्राहकाला कळू न देता अमलात आणायचे, यात औचित्य कोठे आहे?

येथेही लढा झाला आणि पावले पुढे पडली. ट्रायने २०१२ च्या जुलैमध्ये निर्देश दिला की मर्यादा किती आणि त्यानंतरचा वेग किती, हे ग्राहकास व जाहिरातीत स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये आणखी एक निर्देश निघाला. मर्यादा संपल्यानंतरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग तेव्हाच्या व्याख्येतील ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही आणि वापर मर्यादेजवळ आल्याची सूचना ग्राहकास दिली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. आज अनेक फायबर योजनांत ही मर्यादा महिन्याला सुमारे ३३०० जीबी असते. सामान्य कुटुंब तेथवर क्वचितच जाते. म्हणूनच रात्री नऊला मंदावणाऱ्या वेगाचे उत्तर ‘आपली मर्यादा संपली’ असे मिळाले तर वापराचा आकडा मागून घ्यावा. बहुतेक वेळा खरे कारण तिसरेच निघते.

संघटित ग्राहकाची शक्ती

पाचवे कारण सर्वांत गंभीर. एका संकेतस्थळाला वेग द्यायचा आणि दुसऱ्याचा रोखायचा. ज्याने पैसे मोजले त्याची गाडी पुढे आणि इतरांची मागे. २०१४ च्या अखेरीस इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणावर वेगळा आकार लावण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा देशातील तरुण ग्राहक प्रथमच खडबडून जागा झाला. २०१५ मध्ये ट्रायने या विषयावर मते मागविली तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे संगणकावरून तिच्याकडे गेली. त्याच सुमारास एका परदेशी कंपनीने ‘फ्री बेसिक्स’ या नावाने गरिबांना मोफत इंटरनेट देण्याची घोषणा केली. मोफत होती ती मात्र त्या कंपनीने मान्य केलेली निवडक संकेतस्थळे. भारतीय ग्राहकाने हे आमिष ओळखले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने संकेतस्थळानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि ती योजना भारतातून गुंडाळावी लागली. पुढे २०१८ मध्ये केंद्र शासनाने नेट समानतेची तत्त्वे स्वीकारली. मजकूर पाहून वेग रोखणे वा मंद करणे त्यानुसार निषिद्ध ठरले.

या घटनेचे महत्त्व कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावे. जगातील एका बलाढ्य कंपनीला येथे माघार घ्यावी लागली ती मोर्चाने वा दगडफेकीने नव्हे. लाखो माणसांनी एकच गोष्ट, एकाच वेळी, लेखी स्वरूपात आणि योग्य ठिकाणी सांगितली. ग्राहक चळवळीची पद्धत हीच आहे. पुण्यात १९७४ साली अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची स्थापना झाली तेव्हा देशात ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो २४ डिसेंबर १९८६ रोजी आला. त्यामागे अशा चळवळींची तपश्चर्या होती.

बंद पडलेले दार

कायदा आला तरी टेलिफोन आणि इंटरनेटच्या ग्राहकासाठी त्याचे दार मध्यंतरी बंद झाले होते, हे फारसे ठाऊक नाही. केरळमधील एका दूरध्वनी ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये निर्णय दिला की १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद असल्यामुळे अशा तक्रारी ग्राहक मंचाकडे नेता येणार नाहीत. इंग्रजांनी तारायंत्रासाठी केलेला कायदा एकविसाव्या शतकातील ग्राहकाच्या वाटेत आडवा आला. दुसरीकडे ट्राय ही नियम करणारी संस्था, ती वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. ग्राहकाने जावे तरी कोठे? अनेक जिल्हा मंचांनी त्या निर्णयाचा आधार घेऊन तक्रारी परत पाठविल्या. पुरविणाऱ्या कंपन्यांना हे वरदानच ठरले.

हे दार पुन्हा पूर्ण उघडले ते १६ फेब्रुवारी २०२२ रोजी. अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकास २०१३ साली एका महिन्याचे चोवीस हजार रुपयांहून अधिक बिल आले होते. एरवी त्याचे बिल सहाशेच्याही आत असे. त्याने जिल्हा मंचात दाद मागितली आणि मंचाला अधिकारच नाही असा मुद्दा कंपनीने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फेटाळला. दूरसंचार सेवा ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवाच आहे आणि ग्राहक आयोगाचा अधिकार अबाधित आहे, असा निर्वाळा मिळाला. एका माणसाने एका बिलासाठी आठ-नऊ वर्षे धीर धरला, त्याचा लाभ आज देशातील प्रत्येक ग्राहकाला आहे.

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्यातील एक तरतूद फार मोलाची आहे. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तो तक्रार करू शकतो. कंपनीचे कार्यालय मुंबईला असो वा दिल्लीला, तिला बुलढाण्यात येऊन उत्तर द्यावे लागते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते.

सेवागुणवत्तेची नवी नियमावली १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. तिच्यात जिल्हा हा घटक मानला आहे. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ ठप्प राहिली तर तेथील ग्राहकांना त्या काळाच्या आकारात सूट वा मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. घरगुती तारेच्या जोडणीतील बिघाड तीन दिवसांत दुरुस्त न झाल्यासही भरपाईची तरतूद आहे. ती भरपाई आपोआप हाती पडली नाही तर मागून घेणे हे ग्राहकाचे काम.

वही, तारीख आणि आकडा

मग चिखलीच्या त्या गृहस्थाने करावे काय?

प्रथम घर तपासावे. राउटर मध्यभागी आणि उंचावर ठेवावा. वेग मोजताना संगणक तारेने राउटरला जोडून मोजावा, म्हणजे वायफायचा बहाणा उरत नाही. त्या वेळी घरातील इतर यंत्रे बंद असावीत.

त्यानंतर एक साधी वही करावी. सात दिवस, रोज तीन वेळा : सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. तारीख, वेळ, मिळालेला वेग. पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. सात दिवसांनंतर ही वही स्वतःच बोलू लागते. दुपारी नव्वद आणि रात्री सहा असे सात दिवस दिसले तर ‘राउटर बंद करून सुरू करा’ हे उत्तर टिकत नाही.

तक्रार तोंडी करून थांबू नये. तक्रार केंद्राकडून नोंदणी क्रमांक घ्यावा. तो देणे २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार बंधनकारक आहे. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अपील करावे. त्याचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. तेथेही न्याय मिळाला नाही तर वही, पावती आणि पत्रव्यवहार घेऊन जिल्हा आयोग. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. आणखी एक सावधानता : सेवेची परीक्षा होण्यापूर्वी वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत. सवलतीच्या मोहात ग्राहक आपले एकमेव शस्त्र, म्हणजे सोडून जाण्याची मुभा, स्वतःच्या हाताने देऊन बसतो.

हे एका घराने केले तर ती तक्रार ठरते. एका गल्लीतील दहा घरांनी एकाच आठवड्यात, एकाच वेळी वेग मोजला तर तो पुरावा ठरतो. कारण एका घरात राउटरचा दोष असू शकतो, दहा घरांत तो एकाच वेळी असू शकत नाही. हे काम कार्यकर्त्यांचे आहे. प्रत्येक तालुक्यात संगणक जाणणारे दोन तरुण आणि अर्ज लिहिणारा एक निवृत्त शिक्षक वा बँक कर्मचारी एवढे मनुष्यबळ पुरेसे आहे.

रोष कोणावर

यात एक पथ्य पाळावे. गल्लीत शिडी घेऊन येणारा केबलवाला हा आपल्यातीलच मुलगा असतो. अनेकदा तो थोड्याशा वाट्यावर काम करतो, पावसात खांबावर चढतो आणि शिव्या मात्र त्याच्याच वाट्याला येतात. वरून येणारी वाहिनीच अपुरी असेल तर तो काय करणार? त्याच्याकडूनच खरी माहिती मिळू शकते : वाहिनी किती, घरे किती, तुटल्यास दुसरी वाट आहे की नाही. त्याला शत्रू करू नये, साक्षीदार करावे. ग्राहक चळवळ ही व्यापाऱ्याविरुद्धची चळवळ नाही. सचोटीने पूर्ण माप देणाऱ्या व्यापाऱ्याचा माल विकला जावा आणि कमी तोलणाऱ्याचा पडून राहावा, एवढेच तिला साधायचे आहे.

त्याचप्रमाणे प्रत्येक खंड हा कट नसतो. ३० जानेवारी २००८ रोजी भूमध्य समुद्रातील केबली तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट दिवसच्या दिवस रखडले होते. असे संकट समजून घेता येते. रोज रात्री नऊला समुद्रातील केबल तुटत नसते.

शासनाच्या बाजूनेही मागण्या कराव्या लागतील. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली आणि पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. आपल्या ग्रामपंचायतीत आलेली तार चालू आहे काय, तिचा उपयोग शाळा आणि आरोग्य केंद्र करते काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. रस्ता खोदणाऱ्या ठेकेदाराने केबल तोडू नये म्हणून आधी सूचना देण्याची पद्धत तालुक्यात बसविता येते. आणि कंपन्यांनी जाहिरातीत ‘पर्यंत’ऐवजी रात्री नऊ वाजता मिळणारा किमान वेग छापावा, ही मागणी तर देशभर झाली पाहिजे.

शेवटी पुन्हा त्या घराकडे वळावे. तो अभियंता मुलगा आईवडिलांजवळ राहू इच्छितो. चिखलीत राहून तो जे कमावेल ते चिखलीच्या बाजारात खर्च होईल. सायंकाळी तो गल्लीतील मुलांना शिकवील, सणावाराला गावच्या कामात उभा राहील. पण महिनाभर त्याच्या बैठका अशाच तुटत राहिल्या तर वरिष्ठ त्याला पुण्याला बोलावतील आणि तो जाईल. घाटावरच्या गावांतून अशीच एकेक करून तरुण मुले गेली आहेत. रोजगार गावात नव्हता म्हणून ती गेली. आता रोजगार तारेवरून गावात यायला तयार आहे, आणि तो अडतो आहे तो कोणीतरी कमी तोलल्यामुळे.

म्हणून या वर्गातून घरी परतणाऱ्या प्रत्येकाने आज रात्री नऊ वाजता आपल्या घरातील वेग मोजावा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा. पुढील बैठकीला सर्वांच्या वह्या एकत्र पाहता येतील. कोणत्या तालुक्यात प्रथम अर्ज द्यायचा, हे त्यातूनच ठरेल.